येवा, धरण आपलंच आहे!

माहीत आहे का? हिंगोलीवरही बर्फ वितळतो!

दचकू नका, स्वेटर शोधू नका. पावसाळ्यातले ते उंचच उंच गडगडाटी ढग असतात ना, त्यांचा वरचा मजला शून्याखालच्या तापमानात असतो. साधारण पाच किलोमीटरच्या वर सगळा कारभार बर्फाच्या कणांचा. ते कण खाली येता येता वितळतात आणि औंढ्याच्या बसस्टँडवर टपोरे थेंब होऊन आपटतात. वितळायचं राहूनच गेलं, तर त्याचं नाव गार!

हिमालयातला बर्फ डोंगरावर महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो आणि उन्हाळा लागला की सावकाश नदीत उतरतो. आपला बर्फ मात्र आभाळातून निघाला की काही मिनिटांत पाणी होतो आणि काही तासांत धरणाच्या दारात हजर! धरण सांभाळणाऱ्यांचं सगळं टेन्शन आणि सगळं थ्रिल या एका फरकात आहे.

चला तर, हिंगोली स्पेशल धरणसफरीला. सीटबेल्ट लावा, विसर्ग सुरू होतोय!

जोडगोळी नंबर वन

पूर्णा नदीवर एकामागे एक अशी दोन धरणं आहेत. वरचं येलदरी, परभणीच्या जिंतूर तालुक्यात. खालचं सिद्धेश्वर, हिंगोलीच्या औंढा नागनाथ तालुक्यात. दोघांचंही काम १९६८ च्या सुमारास पूर्ण झालं. १ मे १९९९ पर्यंत दोघं एकाच परभणी जिल्ह्यात नांदत होती. मग हिंगोली वेगळा जिल्हा झाला. सातबारे वेगळे झाले, पाण्याचं खातं मात्र जॉइंटच राहिलं.

माहीत आहे का, सिद्धेश्वरची भिंत सहा किलोमीटरहून लांब आहे? मुंबईच्या मरीन ड्राइव्हच्या जवळपास पावणेदोनपट! येलदरीची भिंत त्या मानानं आखूड, सव्वाचार किलोमीटरच्या आसपास.

पण लांबीवर जाऊ नका. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, सिद्धेश्वरचा जेमतेम ८१. बरोब्बर दहापट! लांबी एकाची, खोली दुसऱ्याची.

आता खरा धक्का. समजा पूर्णेला लाखभर क्युसेकचा लोंढा आला. धरणवाल्यांच्या भाषेत, एक लाख क्युसेकचा येवा. रिकामं येलदरी हा लोंढा तीन दिवसांहून जास्त वेळ पोटात घेऊ शकतं. सिद्धेश्वर? आठ तासांत फुल्ल! रात्री जेवून झोपलात, तर सकाळच्या चहापर्यंत धरण काठोकाठ. म्हणूनच या जोडीत येलदरी हा साठवणारा आणि सिद्धेश्वर हा वाटणारा. येलदरीनं पाणी सोडायचं, सिद्धेश्वरनं ते झेलून कालव्यांत वळवायचं. मोठा भाऊ कमावतो, धाकटा खर्च करतो, आणि पीक उभं राहतं वसमतच्या, परभणीच्या, नांदेडच्या शेतात.

बोनस फॅक्ट! येलदरीतून पाणी खाली उतरताना फुकट उतरत नाही. पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन जनित्रसंच आहेत, एकूण साडेबावीस मेगावॉट. जे पाणी वीज करून जातं, तेच पुढे हिंगोली शहराच्या नळाला आणि रब्बीच्या पाणीपाळीला येतं. एक तिकीट, तीन सिनेमे!

'मृत' असूनही सर्वांत जास्त

सिद्धेश्वरमध्ये एकूण सुमारे २५० दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. त्यातलं उपयुक्त फक्त ८१. मग बाकीचं? मृतसाठा. म्हणजे दोन-तृतीयांश धरण कागदावर 'मृत'!

घाबरायचं कारण नाही. कालव्याचं तोंड उंचावर असतं. पाणी पंपाशिवाय, आपल्या उतारानं वाहत जायला हवं असेल तर धरणातली पातळी त्या तोंडाच्या वर ठेवावीच लागते. खालचं पाणी कालव्यात शिरू शकत नाही, म्हणून ते 'मृत'. पण भर उन्हाळ्यात मासे, पक्षी, जनावरं आणि तहानलेली गावं यांच्यासाठी या मृतसाठ्याइतकं जिवंत दुसरं काही नसतं. पुढच्या वेळी बातमीत 'धरण शून्य टक्क्यांवर' असं वाचलंत, तर लक्षात ठेवा, ते शून्य उपयुक्त साठ्याचं असतं. तळाला पाणी असू शकतं.

क्युसेक, क्युसेक, कितने क्युसेक?

पावसाळ्यात मोबाइलवर मेसेज येतो, 'अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू'. आपण वाचतो, पुढे ढकलतो आणि विसरतो. पण क्युसेक म्हणजे किती हो?

सोप्पं आहे. एका सेकंदाला एक घनफूट. लिटरमध्ये सव्वाअठ्ठावीस. दर सेकंदाला दोन बादल्या भरतील एवढं पाणी.

आता हा आकडा पाठच करा, ११,५७४. एवढे क्युसेक सलग चोवीस तास वाहिले की भरतो एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट. पेपरात 'टीएमसी' आणि 'क्युसेक' शेजारी शेजारी दिसले की मनातल्या मनात भागाकार करा आणि चारचौघांत भाव खा!

आणखी एक हिशेब, हा जरा काळजाला भिडणारा. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. पाच लाख लिटर पाणी. सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली ती गाडी. पावसाळ्यात येलदरीतून दहा हजार क्युसेक सुटतात तेव्हा तेवढंच पाणी सांडव्यावरून जायला किती वेळ लागतो, माहीत आहे का? पावणेदोन सेकंद!

तोच मराठवाडा, तेच पाणी. एका मोसमात गाडीनं आणायचं, दुसऱ्या मोसमात दार उघडून घालवायचं. धरणावरच्या माणसाला एका बाजूनं 'पाणी सोडू नका' आणि दुसऱ्या बाजूनं 'लवकर सोडा' अशा दोन्ही हाका का ऐकू येतात, ते या एका आकड्यात कळतं.

येवा मोजतच नाहीत!

काय सांगता? खरंच सांगतो. धरणात येणारं पाणी सहसा थेट मोजलं जात नाही, ते उलट्या हिशेबानं काढतात. तासाभरात धरणाची पातळी किती चढली ते बघायचं. त्यावरून साठा किती वाढला ते तक्त्यात शोधायचं. त्यात तेवढ्या वेळात सोडलेलं पाणी मिळवायचं. आला येवा!

आणि इथेच गंमत आहे. शंभर चौरस किलोमीटर पसरलेला जलाशय घ्या. त्याची पातळी एका तासात फक्त एक सेंटीमीटर वाढली, नखाएवढी. तर साठा किती वाढला? शंभर कोटी लिटर! येवा किती? जवळपास ९,८०० क्युसेक! म्हणजे पातळी वाचताना एका सेंटीमीटरची चूक झाली की हिशेबात दहा हजार क्युसेकचा पूर एक तर उगवतो, नाहीतर गायब होतो. त्यात वारा सुटला की लाटा पट्टीवर थडाथड आदळतात. रात्री दोन वाजता, धो-धो पावसात, बॅटरीच्या उजेडात ती पट्टी अचूक वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला माझा कडक सॅल्यूट. गावं शांत झोपतात ती त्याच्या डोळ्यांच्या भरवशावर.

थेंबांची ताटातूट आणि भेट

ही माझी सगळ्यांत आवडती गोष्ट.

हिंगोली जिल्ह्यात दोन थेंब शेजारी शेजारी पडले. एक औंढ्याकडच्या उतारावर, दुसरा हिंगोली शहराकडच्या. पहिला पूर्णेत गेला. पूर्णा पुढे गोदावरीला मिळाली, मग नांदेड, मग तेलंगण. दुसरा कयाधूत पडला. कयाधू म्हणजे ज्या नदीकाठी संत नामदेवांचं नर्सी वसलंय, ती. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता जाते गोदावरीत, गडचिरोलीच्या सिरोंच्याजवळ, कालेश्वरला.

म्हणजे हिंगोलीत तुटलेली दोन थेंबांची जोडी कित्येक शे किलोमीटरचा फेरा मारून कालेश्वरला पुन्हा भेटते! बॉलिवूडवाल्यांनो, कुंभमेळ्यात हरवलेल्या भावांची गोष्ट जुनी झाली. ही घ्या नवीन!

पैनगंगेच्या बाजूचा आपला हीरो इसापूर. पुसद आणि कळमनुरीच्या वेशीवरचं दणकट धरण, उपयुक्त साठा येलदरीहूनही जास्त, साडेनऊशे दशलक्ष घनमीटरच्या वर. पूर्ण भरल्यावर पाणी समुद्रसपाटीपासून ४४१ मीटरवर. येलदरीची पूर्ण संचय पातळी त्याहून वीसेक मीटरनं उंच, ४६१.७७. इसापूरचे दरवाजे उघडले की खाली नांदेड-यवतमाळच्या सीमेवरचा सहस्रकुंड धबधबा रौद्र रूप घेतो. धबधबा बघायचा बेत असेल तर इसापूरच्या बातम्या आधी वाचा. आणि बघायचा तो लांबूनच!

लॅटिनचे सर आणि बर्फाची नळी

आता जरा परदेशवारी. बर्फाच्या देशात धरणात किती पाणी येणार हे आधीच सांगण्याची युक्ती कुणी शोधली, माहीत आहे का? इंजिनिअरनं? नाही! अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठात लॅटिन आणि ग्रीक शिकवणाऱ्या जेम्स चर्च नावाच्या प्राध्यापकांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी एक पोकळ नळी बनवली. ती बर्फात खुपसायची, आतल्या बर्फाचं वजन करायचं आणि हा डोंगर वितळल्यावर किती पाणी देणार ते सांगायचं. टाहो सरोवरातलं पाणी कधी आणि किती सोडायचं यावरून तिथं जोरदार भांडण चालू होतं. सरांच्या नळीनं त्यावर तोडगा दिला!

म्हणून बर्फाच्या खोलीवर जाऊ नये. ताजा भुसभुशीत बर्फ दहा इंच साचला तर पाणी मिळतं साधारण एक इंच.

बर्फाचा पूर सभ्य असतो, असं मात्र समजू नका. १९९७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या रेड नदीला हिमवितळीचा पूर आला. ही नदी वाहते उत्तरेकडे. त्यामुळे दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि पाणी पुढे जाऊन गोठलेल्या नदीवर आपटतं! ग्रँड फोर्क्स शहराला अंदाज मिळाला होता ४९ फुटांचा. नदी चढली ५४ फुटांच्या वर. बांध ओलांडून पाणी शहरात आलं. आणि त्या पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या इमारतींना आग लागली! रस्त्यावर चहूकडे पाणी, तरी बंब आत जाईनात.

आपल्या देशात बर्फावर चालणारं धरण म्हणजे भाक्रा. सतलजच्या पाण्यातला अर्ध्याहून जास्त हिस्सा बर्फ आणि हिमनद्यांचा. तिथलं कॅलेंडर ठरलेलं असतं. २१ मे ते २० सप्टेंबर भरायचं, पुढचे आठ महिने पुरवून वापरायचं. मे महिन्यात आपलं येलदरी खरवडून निघालेलं असतं, तेव्हा भाक्राच्या खात्यात बर्फाचा पहिला हप्ता जमा होऊ लागतो. हिंगोलीला असा ॲडव्हान्स नाही. इथं सगळी मदार जून ते सप्टेंबरच्या ढगांवर.

भरू की सोडू? भरू की सोडू?

हाच तो लाख क्युसेकचा प्रश्न!

जुलैमध्ये धरण भरलं. आनंदीआनंद, जलपूजन, फोटो, नारळ! पण धरणवाल्यांच्या कपाळावर आठ्या. का? कारण मराठवाड्यातले मोठे पूर पुष्कळदा सप्टेंबरात येतात. २०२४ मध्ये १ आणि २ सप्टेंबरच्या पावसानं हिंगोली, परभणी, नांदेडला झोडपलं, कयाधू पात्राबाहेर पडली. २०२५ च्या सप्टेंबरनं तर मराठवाड्याची लाखो हेक्टरांवरची उभी पिकं पाण्यात घातली. भरलेल्या धरणात नवा पूर आला की धरण आणि रिकामं पात्र यांत फरक उरत नाही. जेवढं येतं तेवढं सोडावंच लागतं.

मग जुलैतच थोडं सोडून जागा करून ठेवावी? आणि सप्टेंबर कोरडा गेला तर? पुढच्या एप्रिलमध्ये टँकरची रांग. 'पाणी कुणी सोडलं?' हा सवाल तेव्हा विधानसभेपर्यंत जातो.

यावरचा उतारा म्हणजे जलाशय परिचालन आराखडा. कोणत्या तारखेला धरण कोणत्या पातळीपर्यंत भरू द्यायचं, याचं आधी आखलेलं वेळापत्रक. जुलैअखेर इतकं, ऑगस्टअखेर इतकं, आणि पूर्ण भरायचं ते पावसाळ्याच्या शेवटाकडे. कागदावर ती एक साधी वळणदार रेघ दिसते. पण त्या रेघेच्या वर गेलं की पूर आणि फार खाली राहिलं की दुष्काळ! मला विचाराल तर गावोगावच्या ग्रामपंचायतीत ही रेघ मोठ्ठी छापून लावायला हवी, कारण धरण सत्तर टक्क्यांवर असताना दरवाजे का उघडले, याचं उत्तर तिच्यात असतं.

आणि एक गैरसमज इथंच मिटवू. धरणानं पूर येतो, असं सरसकट म्हणतात. धरणात जागा असेल तेव्हा ते पुराचं टोक छाटतं. वरून एक लाख क्युसेक येत असताना खाली चाळीस हजारच सोडता आले, तर साठ हजार क्युसेकचं संकट भिंतीमागे अडलेलं असतं. ते कुणाला दिसत नाही, त्याचा फोटो कुणी काढत नाही. दिसतात ते फक्त उघडे दरवाजे.

दरवाजा दिवस, म्हणजेच इंजिनिअर्स डे!

देशात अभियंता दिन कधी असतो? १५ सप्टेंबर, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. म्हणजे मराठवाड्यातल्या धरणांचे दरवाजे उघडण्याच्या ऐन हंगामात! आणि गंमत बघा, विश्वेश्वरय्यांचं गाजलेलं संशोधन कोणतं? धरणाचे दरवाजेच! पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडणारी आणि पातळी उतरली की आपोआप मिटणारी त्यांची दारं १९०३ मध्ये बसली ती आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याला. शिक्षण पुण्यात, दारं पुण्यात!

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आजही कोल्हापूरकरांच्या पावसाळ्याचा हायलाइट असतात. पाचवा उघडला, सहावा उघडला, अशी बातमी चहाच्या टपरीवर चवीनं चघळली जाते.

हिंगोलीचाही विश्वेश्वरय्यांशी धागा आहे बरं का! २८ सप्टेंबर १९०८ ला हैदराबादेत मुसी नदीनं हाहाकार उडवला, हजारो माणसं गेली. हिंगोली तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात. राज्यानं सल्ल्याला बोलावलं ते विश्वेश्वरय्यांना. त्यांच्या सल्ल्यातून पुढे मुसीवर उस्मानसागर आणि तिच्या उपनदीवर हिमायतसागर उभे राहिले. पूर अडवणारे आणि तहान भागवणारेही! महिना पुन्हा तोच, सप्टेंबर.

आज येलदरी-सिद्धेश्वरसारख्या धरणांवर दिसतात ती वक्रद्वारं, गोल पाठीची लोखंडी दारं. त्यांचं पेटंट १८८६ चं, जेरेमाया टेंटर नावाच्या अमेरिकी माणसाचं. पाठ गोल का? पाण्याचा सगळा रेटा दाराच्या कण्याकडे जातो, त्यामुळे शेकडो टन पाणी दाबत असतानाही दार थोड्या ताकदीत उचलता येतं.

बातमीत 'दरवाजे अर्ध्या मीटरनं उघडले' वाचून नाक मुरडता? थांबा! दाराच्या तळाशी दहा मीटर पाण्याचा दाब असेल तर त्या अर्ध्या मीटरच्या फटीतून पाणी निघतं ताशी पन्नास किलोमीटरनं. एसटीच्या वेगानं!

दारोदारीचा प्रवास

पूर्णेचं पाणी म्हणजे दरवाजांची रिले रेस. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगावराजाजवळ खडकपूर्णा धरण, अर्थात संत चोखामेळा सागर. त्याला एकोणीस दरवाजे. त्यांनी सोडलेलं पाणी येलदरीत. येलदरीला दहा. तिथून सिद्धेश्वर, चौदा. मग पूर्णा, मग गोदावरी. म्हणून हिंगोलीत ऊन पडलेलं असताना पूर्णाकाठी पूर येऊ शकतो. पाऊस बुलढाण्यात, पाणी औंढ्यात!

पुढे नांदेड ओलांडलं की धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा. त्याच्या दरवाजांची कहाणी जगावेगळी. ते पावसावर नाही, तारखेवर उघडतात! सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर हे दरवाजे उघडेच ठेवायचे. शिवाय १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खालच्या राज्याला द्यायचं. दर वर्षी दोन्ही राज्यांचे अधिकारी साक्षीला उभे राहतात आणि दारं वर जातात. नदीला कोर्टाची तारीख!

लाल रेघ, निळी रेघ

नदीकाठी प्लॉट घेताय? मग हे वाचाच. महाराष्ट्रात नदीच्या दोन पूररेषा आखतात. निळी, पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. लाल, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची.

'शंभर वर्षांतून एकदा? मग माझ्या पोरांनाही दिसणार नाही!' असं म्हणालात ना? फसलात! याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांचं गृहकर्ज फेडून होईपर्यंत तो पूर एकदा तरी दारात येण्याची शक्यता होते सव्वीस टक्के. चारात एक! निळ्या रेषेचा पूर तर दहा वर्षांतच तीनात एक या हिशेबानं भेटू शकतो.

आणि सगळे पूर धरणातून येत नाहीत. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातलं कुरुंदा गाव रात्रीच्या मुसळधार पावसानं पाण्यात गेलं. कयाधूवर तर हिंगोली शहराच्या वर येलदरीसारखं मोठं धरणच नाही. म्हणजे भोंगा नाही, विसर्गाचा मेसेज नाही, पुराचं टोक छाटणारं कुणी नाही. आभाळ फाटलं की नदी थेट गावात. अशा गावांना पाऊस मोजणारी जवळची यंत्रं आणि वेळेवरचा इशारा, या दोन गोष्टींची गरज सर्वांत जास्त आहे.

पाऊस मोजण्यावरून आठवलं. अतिवृष्टी कधी म्हणायची? महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर. आणि हे चोवीस तास रात्री बाराला नाही, सकाळी साडेआठला मोजायला सुरू होतात. पावसाची तारीख आपल्या न्याहारीच्या वेळी बदलते!

हळद लागली!

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अभिनंदन! पण ही पिवळीधमक राणी भलतीच नाजूक. आठ-नऊ महिने शेतात उभी, पाणी सतत हवं, आणि मुळाशी पाणी साचलं की कंदकूज. सप्टेंबरात पाणी जास्त झालं तर रुसते, हिवाळ्यात आवर्तन चुकलं तरी रुसते. सिद्धेश्वरच्या दरवाजांवर आणि कालव्यांवर, दोन्हींवर तिचा डोळा!

ब्रेकिंग जंप! सिद्धेश्वरच्याच औंढा तालुक्यात उभी राहतेय लायगो-इंडिया, चार-चार किलोमीटर लांब भुजांची वेधशाळा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ती काय मोजणार? प्रोटॉनच्या आकाराहून हजारो पटींनी लहान हालचाल, दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली. एकाच तालुक्यात सहा किलोमीटरची भिंत पूर झेलणार आणि चार किलोमीटरची भुजा विश्वाचा थरकाप टिपणार. आहे का असा तालुका दुसरा?

आणि जगातला सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय कोणता, माहीत आहे का? आफ्रिकेतला करिबा. त्यात मावतं सुमारे १८० अब्ज घनमीटर पाणी. मृतसाठ्यासकट धरलेल्या एकशे नव्वद येलदरी बसतील! तरी पूर्णाकाठच्या माणसाला आपलं एक येलदरीच मोलाचं.

आता मोबाइल खाली ठेवा आणि हे वाचा

पंधरा सेंटीमीटर वाहतं पाणी, म्हणजे घोट्याच्या थोडं वर, धट्ट्याकट्ट्या माणसाला पाडू शकतं. तीस सेंटीमीटर पाणी छोटी कार वाहून नेऊ शकतं. साठ सेंटीमीटरला बहुतेक गाड्या तरंगू लागतात. पुलावरून पाणी जात असेल तर पलीकडचं काम उद्यावर टाका. 'रोजचा रस्ता आहे' हे पाण्याला माहीत नसतं.

दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजतो, गावात दवंडी जाते, ग्रुपवर मेसेज फिरतो. तो मेसेज आला की नदीकाठचे मोटारपंप वर घ्या, जनावरांचे दोर सोडा, वाळूत आणि पात्रात कुणी असेल त्याला हाक मारा. सांडव्याखाली सेल्फी काढायला उतरू नका, पोरांनाही उतरू देऊ नका. आणि आज रात्री घरातल्या सगळ्यांना एवढं नक्की सांगा, की हिंगोलीत पाऊस नसला तरी वर बुलढाण्यात असेल, तर पूर्णेच्या पात्रात पाय ठेवायचा नाही.